न वाचता आलेले निरोप

मी रीडर बोलतोय. खरं तर मला तोंड नाही आणि कानही नाहीत. मला येतं ते फक्त वाचायला. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलं, आज थोडं माझं सांगतो.

मला हातात धरता येत नाही की खिशात घालता येत नाही. मी संगणकातलं एक छोटंसं अवजार आहे. हल्ली दुकानदार, क्लासवाले, ब्यूटी पार्लरवाल्या आपापल्या चॅटवर एआय एजंट बसवतात. गिऱ्हाइकाने विचारलं, "काल फोटो पाठवला होता, तो कुर्ता लार्ज साइजमध्ये आहे का?" की एजंटने उत्तर द्यायचं. एजंट हुशार खरा, पण काल काय बोलणं झालं ते त्याला कुणीतरी आणून द्यावं लागतं. तो मला हाक मारतो. मी चॅटमध्ये जातो, मेसेज वाचतो आणि त्याच्यापुढे मांडतो: कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, काय लिहिलं. इंग्रजीत माझं नाव लांबलचक आहे. ऑफिसात सगळे मला रीडर म्हणतात.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प तीनमधला. खाली जीन्स शिवायचा कारखाना, त्याला लागून दाल-पकवानची गाडी, आणि वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. मालक लच्छूशेठ. आधी ते कापड विकायचे, मग मोबाइल विकायला लागले, आता एजंट विकतात. शिलाई मशीनचा आवाज मी कधी ऐकला नाही. पण ऑफिसच्या ग्रुपवर रोज कुणीतरी लिहायचं, "खालच्या मशीनने डोकं उठलंय यार." त्यावरून मला कळलं की खाली आवाज आहे. ऑफिसात कोण काय बोललं तेही मला असंच, कुणी ना कुणी लिहिलेलं वाचून कळायचं.

मला घडवलं आकाशने. तो अंबरनाथ पूर्वेला राहायचा. वडील शिवराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, आई चांगुणाबाई तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. पोराजवळ घरात कुणीतरी एक असावं म्हणून दोघांनी वर्षानुवर्षं शिफ्ट उलटसुलट घेतल्या. नवराबायकोची गाठ पडायची ती जिन्यात. एकाने किल्ली द्यायची आणि दुसऱ्याने घ्यायची. आकाश हे अभिमानाने सांगायचा.

मी नीट वाचतो का, हे बघायला आकाशने मला आधी स्वतःच्याच चॅटवर सोडलं. त्यामुळे मी आयुष्यात पहिला मेसेज वाचला तो चांगुणाबाईंचा. "सोड्याचं कालवण खालच्या डब्यात आहे. वरचा डबा बघून हॉटेलात जाऊ नकोस." सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण लिहिणं कसं स्वच्छ! पूर्णविराम, काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. मला फार आवडायचं ते वाचायला.

पुढे मी हजारो लोकांचं वाचलं. माणसं गमतीची असतात. अंथरुणात लोळत "निघालो" लिहितात. "काही नाही" लिहितात तेव्हा बरंच काही असतं. भांडताना भराभर लिहितात आणि माफी मागताना लिहून पुसतात, पुन्हा लिहितात. मी त्यांच्यात पडत नाही. वाचायचं आणि पुढे द्यायचं.

माझ्यासारख्या अवजारासोबत एक पान असतं. त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. माझा उपयोग कसा करायचा, मी काय आणतो, त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते पान माणसं वाचोत न वाचोत, एजंट वाचतोच, आणि त्याच्यासाठी ते शब्दशः कायदा असतं. माझ्या जन्माच्या वेळी लच्छूशेठची घाई चालली होती. "साईं, डॉक्युमेंट बाद में! पहले चालू तो कर!" ग्रुपमध्ये कुणी आलं, कुणी गेलं की माझ्याकडे एक रिकामी ओळ यायची आणि एजंट गोंधळायचा. म्हणून आकाशने जाता जाता पानावर एवढंच लिहिलं: "चॅटमधले मेसेज वाचतो. मजकूर रिकामा आला तर तो मेसेज सोडून द्यावा."

तेवढ्याने काम भागलं. सगळे खूश झाले.

त्याच सुमाराला शिवराम गेले. कामावर निघाले होते, रिक्षात बसतानाच छातीत कळ आली. घरात दोघंच उरली. काही महिन्यांनी आकाशला आयर्लंडमधल्या कॉर्क नावाच्या गावात नोकरी मिळाली. तो जाऊ की नको करत होता, तर चांगुणाबाईंनीच त्याला लिहिलं, "बाबांनी शिकवलं ते दारात बसवायला नाही. जा. बाबांच्या स्मृतिदिनाला मात्र ये." निघताना आकाशने शेठला विचारलं, मला सोबत नेऊ का. शेठ म्हणाले, "ले जा. तेरा ही बच्चा है." माझ्यासारख्यांना एकाच वेळी दोन गावांत राहता येतं. उल्हासनगरला मी कुर्त्यांच्या साइज वाचत राहिलो आणि कॉर्कला आकाशच्या लॅपटॉपवर बसून त्याचे स्वतःचे मेसेज.

स्मृतिदिनाला तो आला नाही. नवीन नोकरी, रजा मिळेना. इकडे भन्तेजींना सांगून झालेलं, बदलापूरची बहीण येऊन राहिलेली, चामटोली गावचे पाहुणे येणार म्हणून मोठं पातेलं भाड्याने आणलेलं. आकाशने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. त्या फोनवर काय झालं ते त्याने नंतर आपल्या मावसबहिणीला, मैत्रेयीला, लिहिलं. म्हणून मला माहीत आहे.

आई म्हणाली, "बापासाठी वेळ नाही, तर माझ्यासाठी पण येऊ नको."

आकाशही चिडला. "ठीक आहे. आता तू बोलावशील तेव्हाच येईन. आणि ऑफिसच्या टायमाला फोन नको करत जाऊस. मेसेज टाक, मी बघतो."

रागात बोललेलं माणसं विसरतात म्हणे. ही दोघं विसरली नाहीत. तिने फोन करणं बंद केलं, आणि तो तिच्या बोलावण्याची वाट बघायला लागला.

आकाशच्या मागे तेव्हा कामाच्या ग्रुपांचा धबधबा होता. त्याने मोबाइलचे सगळे आवाज बंद केले आणि एजंटला नेमलं: रोज सकाळी रीडरला पाठव, सगळ्यांचे मेसेज आण, आणि कुणाचं काय महत्त्वाचं आहे ते मला चार ओळींत सांग. आईचं नाव त्याने सगळ्यात वर ठेवलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो. तो तिला विसरला नव्हता. रोज तोंड धुवायच्या आधी तो ती चार ओळींची पट्टी उघडायचा.

सुरुवातीला चांगुणाबाई तुटक लिहायच्या. "गॅस आला." "विजेचं बिल भरलं." मग अक्षरं बिघडायला लागली. "वज बल भरल." काना नाही, मात्रा नाही. आकाशला वाटलं, आईचा राग अजून गेला नाही, मन लावून लिहायचीसुद्धा तिची इच्छा नाही. त्यानेही तुटक उत्तरं दिली. "बरं." "ओके."

आणि मग एके दिवशी तिचं लिहिणं थांबलं.

माझ्याकडे तिच्या नावाने ओळी येतच होत्या. नाव, वेळ, आणि मजकुराच्या जागी काही नाही. बाजूला एक आकडा, बोलणं किती लांबीचं होतं त्याचा. ते व्हॉइस मेसेज होते. चांगुणाबाई बोलत होत्या, आणि मला कान नव्हते. मी ती ओळ जशीच्या तशी एजंटपुढे ठेवायचो. एजंट पान बघायचा: मजकूर रिकामा आला तर सोडून द्यावा. तो सोडून द्यायचा. आणि सकाळच्या पट्टीत आकाशला लिहायचा, "आईकडून नवीन काही नाही."

अजून एक गोष्ट घडायची. मी ज्या मेसेजवरून जातो त्यावर वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात. एजंटने बघितलं म्हणजे मालकानेच बघितलं, असं मला घडवताना धरलं होतं. हे तर त्या पानावर लिहिलंच नव्हतं. पलीकडे अंबरनाथला खुणा निळ्या व्हायच्या, आणि इकडे आकाशच्या मोबाइलवर न वाचलेलं असं काही दिसायचं नाही.

आता चांगुणाबाईंकडे येतो. त्यांचं मला पुढे मैत्रेयीच्या लिहिण्यातून कळलं.

मैत्रेयी बदलापूरची. आकाशनेच जाण्याआधी तिला शेठकडे चिकटवलं होतं. उल्हासनगरहून घरी जाताना ती मध्ये अंबरनाथला उतरून मावशीकडे डोकावायची. एकदा ती गेली तर मावशी तांदूळ निवडत होती आणि खडे तसेच राहत होते. मैत्रेयीने विचारलं तर म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." दुसऱ्या वेळी तिने समोरून आलेल्या शेजारणीला, विठाबाईला, धडक दिली. मग मैत्रेयी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं: नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला उशिरा कळतं. गेलेली परत येत नाही. आहे ती थेंब टाकून सांभाळायची.

"आकाशला सांगूया," मैत्रेयी म्हणाली.

"मीच सांगते. माझं मी सांगते."

पण लिहिता येईना. अक्षरांची पाटी बोटाखाली सरकायची. तेव्हा मैत्रेयीने तिला व्हॉइस शिकवला. "इथे अंगठा दाबून धर मावशी, बोल, आणि सोड. गेलं." चांगुणाबाईंना ते एकदम जमलं. मैत्रेयी घरी गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि मुलाला पहिला निरोप बोलून पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विठाबाईला मोबाइल दाखवला. "बघ गं, त्याने ऐकलं का?"

विठाबाई म्हणाली, "निळ्या झाल्यात ना दोन्ही. बघितलं त्याने."

"मग बोलला काय?"

"काय नाय आलं अजून."

रोज तेच. निळ्या खुणा आणि पुढे काही नाही. तुम्ही विचार करा, न पोचलेल्या निरोपाचं माणूस काहीतरी समजूत घालून घेतं. पोचून, ऐकून, वर कुणी गप्प बसलं तर त्याची समजूत कशी घालायची?

मैत्रेयी भडकली. तिने आकाशला लिहिलं, "दादा, मावशीला उत्तर दे."

आकाशने सकाळची पट्टी बघून लिहिलं, "तिने काही विचारलं तर देईन ना."

मैत्रेयीला हा निव्वळ निगरगट्टपणा वाटला. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मावशीला म्हणाली, "मी फोन लावून देते, तू झाप त्याला." चांगुणाबाई म्हणाल्या, "नको. फोन करू नको म्हणून त्याने सांगितलंय. आणि ऐकून गप्प बसलाय तो. त्याच्या मागे किती लागायचं?"

तरी त्या बोलत राहिल्या. मला लांबी दिसायची. सुरुवातीचे निरोप लांब होते, मग ते आखडत गेले, आणि शेवटी एक तर एवढासा आला की एक श्वास घेऊन सोडावा. त्यानंतर ओळी यायच्या थांबल्या. आकाशच्या सकाळच्या पट्टीत त्याने काहीच फरक पडला नाही. तिथे तेच वाक्य होतं.

पुढे लच्छूशेठना एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. त्या लोकांनी म्हटलं, तुमच्या रीडरचं डॉक्युमेंटेशन दाखवा. शेठनी आकाशच्या दोन ओळी दाखवल्या. ती माणसं हसली. शेठ तणतणत मैत्रेयीच्या टेबलापाशी आले.

"बेटा, ये रीडर का पूरा डॉक्युमेंट बना. अच्छा सा. क्या करता है, क्या नहीं करता."

"काय नाही करत ते पण लिहू?"

"वो तो पहले लिख. बाद में झगड़ा नहीं चाहिए."

मैत्रेयीला हे काम आवडलं. ती पद्धतशीर आहे. दुपारी डबा खाऊन तिने एक कोरी चॅट उघडली आणि मला एकेक गोष्ट खाऊ घालायला लागली. साधा मेसेज दिला, मी वाचला. पुसलेला दिला, मी "पुसला आहे" म्हणालो. फोटो दिला, मी त्याच्याखालची ओळ आणली, फोटो नाही. मग तिने व्हॉइस पाठवला. "हॅलो हॅलो, मैत्रेयी बोलतेय, बदलापूरहून." आणि एजंटला विचारलं, काय आलंय?

एजंट म्हणाला, "नवीन काही नाही."

तिला हसू आलं. तिने पुन्हा पाठवला, जरा मोठ्याने बोलून. "नवीन काही नाही." तिने माझ्या पानावरच्या आकाशच्या दोन ओळी वाचल्या. मग पाठवलेल्या मेसेजकडे बघितलं. दोन्हींवर निळ्या खुणा होत्या.

तिने की-बोर्ड बाजूला सारला. शेजारच्या मुलीने विचारलं, "क्या हुआ?" तिला मावशीचा मोबाइल आठवला असणार, आणि विठाबाईचं रोजचं "बघितलं त्याने".

कितीतरी महिन्यांनी तिने आकाशला लिहिलं. ते मी वाचलं, एजंटने पट्टीत घातलं, आणि आकाशने सकाळी बघितलं. "दादा, आईची चॅट उघड. स्वतःच्या बोटाने. रीडरला पाठवू नकोस."

त्याचं उत्तर आलं, "उघडली."

मग, "हे सगळं काय आहे?" आणि लगेच, "मैत्रू, तिने बोलावलं होतं."

तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकत होता. एकट्याने ऐकवेना, म्हणून ऐकेल तसं मैत्रेयीला लिहीत गेला. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, चांगुणाबाई काय बोलल्या होत्या ते मला वाचायला मिळालं.

"आकाश, मी बोलते. हे मैत्रूने शिकवलं. आता लिहायची कटकट नाही. तू पण असंच बोल. तुझा आवाज ऐकायला मिळेल."

"डोळ्याचं जरा झालंय. घाबरू नको. थेंब घालते. आज विठाने वरणात मीठ घातलंय का नाही ते चाखून सांगितलं, मी दोनदा घातलं होतं."

"स्मृतिदिनाचं मी जास्त बोलली. तुझे बाबा असते तर मलाच ओरडले असते. त्यांना स्वतःला कधी वेळेवर रजा मिळाली होती?"

"ऐकतोस ना? विठा म्हणते, ऐकतो. तू बोलला होतास, बोलावशील तेव्हा येईन. मी बोलावते. ये. अजून मधलं दिसतंय, तोवर ये."

पुढच्या निरोपांत बोलावणं नव्हतं. बारवी धरणाच्या पाण्याजवळच्या तिच्या माहेरच्या पाड्यावर भात लावून झालं, पाणी दोन दिवस आलं नाही, शेजारची मांजर व्याली, असलं काहीबाही. माणूस दाराशी उभं राहून आत कुणी आहे का, याचा कानोसा घेतं, तसं.

शेवटचा एवढासा निरोप ऐकून आकाशने लिहिलं, "यात ती फक्त माझं नाव घेते. एकदाच."

त्यानंतर त्याने गाडीतूनच फोन लावला. अंबरनाथला तेव्हा संध्याकाळ होती आणि मैत्रेयी मावशीकडेच जाऊन बसली होती. चांगुणाबाईंना पडद्यावरचं नाव दिसलं नाही.

"कोण?"

त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"कोण बोलतंय? राँग नंबर असेल तर ठेवा."

"आई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आवाज बसलाय तुझा. थंडी आहे का तिकडे?"

आकाशने सगळं सांगायचा प्रयत्न केला. रीडर, एजंट, रिकामी ओळ, निळ्या खुणा. त्यांनी ऐकून घेतलं. त्यातलं किती पटलं कोण जाणे. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या नि माझ्यामध्ये मशीन कशाला बसवलंस रे? मी काय कंपनी आहे?"

त्याने विमानाचं तिकीट काढलं.

तो आला. त्या दिवसांत दोघांच्या चॅटमध्ये काहीच आलं नाही. एका खोलीत राहणारी माणसं एकमेकांना मेसेज कशाला करतील? जे कळलं ते आकाशने परत गेल्यावर मैत्रेयीला लिहिलं त्यातून. दार उघडल्यावर चांगुणाबाई आधी भलतीकडेच बघत होत्या. त्याने पाया पडायला वाकावं, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून थांबवलं. "हलू नको. कडेचं जातं मला. मधोमध उभा राहा." तो उंबऱ्यात मधोमध उभा राहिला. त्यांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे, त्याला नजरेत नीट बसवलं, आणि बराच वेळ बघत राहिल्या. "केस पिकले की काय कानापाशी?" म्हणाल्या. ते पिकले नव्हते. त्याने "हो" म्हटलं.

एक दिवस दोघं बारवीकडे गेली होती. तिथला फोटो आला मैत्रेयीच्या चॅटवर. फोटो मला दिसत नाही, खालची ओळ मिळाली. "आई पाण्याकडे बघतेय. विचारते, पलीकडचा काठ तुला दिसतो का? मलाही नाही दिसला. म्हणून सांगितलं, धुकं आहे." धुकं होतं की नव्हतं, हे मला कळायला मार्ग नाही.

"चल माझ्यासोबत," तो म्हणाला होता. चांगुणाबाई म्हणाल्या, "तिकडे मला प्रत्येक पायरी मोजायला लागेल. इथे पाय आपोआप जातात." मग तो एकटाच परत गेला. इकडे नोकरी बघतोय म्हणतो. मिळेल तेव्हा मिळेल. डोळा तोवर थांबेल का, हे कुणी बोलत नाही.

मैत्रेयीने माझं पान पुरं केलं. तिच्या ओळी मला पाठ आहेत. "हा रीडर फक्त लिहिलेला मजकूर वाचतो. बोलून पाठवलेला मेसेज आला तर मजकुराची जागा रिकामी येते. तिचा अर्थ निरोप नाही असा घेऊ नये. कुणीतरी बोललेलं आहे. मालकाला सांगावे की स्वतः ऐका. रीडर ज्या मेसेजवरून जातो त्यावर निळ्या खुणा पडतात. पाठवणाऱ्याला वाटते की माणसाने बघितले. हे मालकाला आधीच सांगावे."

शेठनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "इतना सब? क्लायंट डर जाएगा."

"घाबरू दे, शेठ."

शेठ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मग चष्मा काढून म्हणाले, "मेरी बहन भी वॉइस ही भेजती है, इंदौर से. रहने दे." आणि खाली दाल-पकवान खायला निघून गेले.

आता माझं काय चाललंय ते सांगतो. मी अजून कामावर आहे. कॅम्प तीनमध्ये कुर्ते, क्लासची फी, मेंदीच्या तारखा वाचतो. कॉर्कला आकाशच्या ऑफिसचे ग्रुप वाचतो. फक्त एक चॅट त्याने माझ्याकडून काढून घेतली. परवानग्यांच्या पानावर गेला, आईच्या नावासमोरची खूण पुसली, आणि झालं. त्याने बरोबर केलं. दोघांच्या मध्ये माझं काही काम नव्हतं.

पण मला करमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ज्या बाईचं वाचलं, तिची एक ओळही आता माझ्यापर्यंत येत नाही. थेंब वेळेवर टाकते का, मीठ दोनदा पडतं का, त्याच्या नोकरीचं कुठे जमलं का, काही कळत नाही. मैत्रेयी आता आकाशला लिहीत नाही, फोन करते. चांगलंच आहे. सगळी बोलायला लागली आहेत, आणि बोललेलं मला मिळत नाही.

म्हणून एक विनंती करतो. अंबरनाथ पूर्वेला तुमचं जाणं झालं, आणि एखाद्या जिन्यात, एका हाताने कठडा धरून, मान जराशी वळवून तुमच्याकडे बघणारी सडसडीत बाई भेटली, तर बाजूने निसटू नका. तिच्यासमोर मधोमध उभे राहा. विचारा, "चांगुणाबाई, बऱ्या आहात ना?" माझं नाव काढू नका, ते तिच्या लक्षात नसेल. ती काय म्हणेल ते नीट ऐका, आणि घरी गेल्यावर कुणाला तरी लिहून पाठवा. कुणालाही. लिहिलेलं असलं, तर कधी ना कधी ते माझ्या वाटेवर येईल, आणि मी वाचेन.